घोडा आणायच्या आधी ठाण बघा

संपादक साहेब, नमस्कार.

दत्तजयंती जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या बातम्या पेपरात यायला लागतात, अमुक लाखाचा नुकरा (पांढराशुभ्र घोडा), तमुक लाखाचा मारवाडी, फोटो पण झकास असतात. ते वाचून आणि रील्स बघून आमच्या इंदापूर भागातली दोन-चार पोरं दरवर्षी पिकअप घेऊन तापीकाठी निघतातच. शौक वाईट नाही, मी पण त्यातलाच, सहा वर्षांपूर्वी तिथनंच घोडी आणली. पण आणलेलं जनावर उभं कुठं करायचं, म्हणजे त्याचं ठाण कसं असावं, याचा कुणी विचार करत नाही, मी पण केला नव्हता, म्हणून हे पत्र.

बाजारात आम्ही अंगावरचे केसांचे भोवरे बघितले, त्यातला शुभ मानतात तो गळ्याचा देवमण बघितला, दात बघून वय काढलं, रेवाल म्हणजे हिसके न देणारी झपझप चाल बघितली. पाय उचलून खूर मात्र कुणी बघितला नाही. घरी आणून घोडी म्हशींच्या गोठ्यात कोपऱ्यात बांधली, खाली कोबा, आणि म्हशींचं मूत सगळं तिच्याच पायाखाली वाहत यायचं. म्हैस चिखलात खुशाल बसते, घोड्याचं तसं नसतं हे डोक्यातच नाही. श्रावणात घोडी मागचा पाय टेकवेना. नालबंदाला बोलावलं, त्यानं पाय मांडीवर घेतला आणि तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो ना, त्याच्या बाजूच्या खाचेत हुक घातला, तर काळा चिकट चिखल बाहेर आला आणि वास असा की आमचा गडी तोंडाला टॉवेल लावून लांब जाऊन उभा राहिला. खूर सडला होता. नालबंद म्हणाला, "मालक, नाल मी ठोकतो, पण खालची जमीन कोण बदलणार?"

मग बदलली. गोठ्यापासून लांब वेगळं ठाण केलं, मुरूम टाकून चोपला, मागच्या बाजूला थोडा उतार आणि बाहेर नाली. खर्च घोडीच्या किमतीपुढं काहीच नाही, पण आधी सुचलं नाही. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि वर सात-आठ लिटर मूत, त्यामुळं सकाळी एकदा झाडून भागत नाही, संध्याकाळी पण लीद उचलायची आणि खाली अंथरलेला भुसा ओला झाला असेल तेवढा काढून कोरडा टाकायचा. आमच्याकडं उसाचं पाचट फुकट म्हणून सगळे तेच अंथरतात, पण भुकेला घोडा अंथरूणच खात बसतो आणि मग पोटात दुखायला लागतं, वर घोड्याला उलटी होत नाही, म्हणजे आत गेलेलं परत वर यायचा रस्ताच बंद, एकेकदा रात्रीत खेळ संपतो. बुरशी आलेलं असलं तर खोकला वेगळाच.

ठाण स्वच्छ आहे का हे उभं राहून कळत नाही. घोडा खाली मान घालून गवत खातो तिथं गुडघ्यावर बसून श्वास घेऊन बघा, डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया आहे आणि तो रात्रभर त्याच्या छातीत जातोय. अगरबत्ती लावून किंवा फिनेल ओतून हे जात नाही (आमच्या एका पाहुण्यानं खरंच रूम फ्रेशनर मारला होता). लिदीचा ढीग दाराशीच ठेवला की आठवड्या-दीड आठवड्यात माश्यांची नवीन फौज तयार, म्हणून खड्डा लांब घ्या, खत पण उत्तम होतं. आणि लिदीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, तर त्याला इंजेक्शन द्याच आणि झाडणाऱ्या माणसाला पण द्या, तो बिचारा अनवाणीच असतो.

म्हशींची पेंड घोड्याला टाकणारे पण बघितलेत. काही कंपनी खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाई-म्हशीला चालतं, घोड्याला ते विष आहे. बाजारातनं आणलेला घोडा पण लगेच दुसऱ्या घोड्यांत बांधू नका, नाकातनं घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर डॉक्टरला सांगा, ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा संसर्गरोग असला तर तो माणसालाही होतो आणि कायद्यानं कळवावाच लागतो.

अजून एक राहवत नाही म्हणून लिहितो. पिकअपच्या काचेवर महाराजांचा फोटो आणि आत घोड्याच्या ठाणात गवताच्या गंजीला टेकून बिडी. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना पत्र लिहून बजावलं होतं की दाणा-गवत पावसाळ्याला पुरवून वापरा, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल, मग घोडी उपाशी मरतील. एवढा मोठा राजा उंदराचा पण विचार करतो आणि आमच्याकडं घोड्याचं अंग घासायचा खरारा कुठं ठेवलाय हे मालकाला माहीत नसतं, सगळं गड्यावर.

तर साहेब विनंती एवढीच, तुमच्या शेतीच्या पानावर गाई-म्हशींबद्दल नेहमी येतं, यंदा बाजार भरायच्या आधी एखाद्या रविवारी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडनं घोड्याच्या ठाणाबद्दल आणि खुरांबद्दल अर्धं पान लिहून घ्या. फोटो नुकऱ्याचाच टाका, म्हणजे पोरं वाचतील.

आपला एक वाचक,
ता. इंदापूर, जि. पुणे