‘झाड हिरवे व सुस्थितीत आढळले’

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतला गुलमोहर पहाटे तीनच्या सुमारास आडवा झाला. वादळ नव्हतं, नुसती रिपरिप होती. खाली इस्त्रीवाल्या काकांची गाडी उभी होती, तिचा चुराडा झाला. तोच सकाळी दहाला पडला असता तर हे पत्र मी वेगळ्या भाषेत लिहिलं असतं.

या झाडाबद्दल मी वर्षभर आधी अर्ज केला होता. बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक आळंबं उगवलं होतं. बशीएवढं, वरून लाखेचा हात फिरवल्यासारखं चकचकीत तांबूस, कडेला पांढरी किनार. खालच्या फरशीवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडायची. झाडणाऱ्या मावशी ती रोज झाडून न्यायच्या आणि एक दिवस त्यांनी आळंबंही खराट्याने उडवलं. अर्जाला उत्तर आलं: ‘झाड हिरवे व सुस्थितीत आढळले. सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

साहेब, हिरवं होतंच. पडलं तेव्हाही शेंगा लटकत होत्या. गॅनोडर्मा नावाच्या या बुरशीची गंमत, गंमत कसली, हीच आहे. ती पानांच्या नादी लागत नाही. तुटलेल्या मुळातून किंवा खोडाच्या जखमेतून शिरते आणि लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन खात सुटते. बाहेरच्या थरातून पाणी वर चढत राहतं, म्हणून फांद्यांना पत्ता लागत नाही. बाहेर आळंबं दिसतं तोवर आत बरंच उरकलेलं असतं. आमच्या गुलमोहराचा बुडखा मी हाताळून पाहिला. पांढुरकं, ओलसर लाकूड चिमटीत खोबऱ्याच्या चोथ्यासारखं सुटत होतं. आधार देणारी जाड मुळं जवळजवळ नव्हतीच.

माडावर हीच जात पडते तेव्हा बागायतदार सावध होतो. तमिळनाडूत त्या रोगाला ‘तंजावर विल्ट’ असं नावच आहे, आणि रोगट माडाभोवती चर खणून शेजारचे माड वाचवायची रीत आहे. बागेतला माड मेला तर उत्पन्न जातं म्हणून तिथे लक्ष असतं. रस्त्यावरच्या झाडाखाली माणसं असतात, आणि तिथे आपण शेंड्याकडे बघून शेरा मारतो.

बुरशीला दार कोण उघडून देतं, तेही पाहा. आमच्या गल्लीत पाच वर्षांत तीनदा खोदाई झाली: केबल, पाइपलाइन, मग पुन्हा केबल. दर वेळी एका बाजूची मुळं कुदळीने नाहीतर जेसीबीने तुटली. वरून पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट खोडाला भिडवलं. मे महिन्यात ठेकेदाराची माणसं ट्रक भरेल अशी छाटणी करून गेली, फांद्यांचे खुंट तसेच चिरफाळलेले. आणि मग म्हणायचं, निसर्गापुढे इलाज नाही.

१९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्षगणनेचं काम वृक्ष प्राधिकरणावर टाकलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडांना हेरिटेजचा मान दिला, चांगलं केलं. पण म्हाताऱ्याला मान दिला की त्याची तब्येतही बघावी लागते. गणना करणारा माणूस झाडाची जात आणि घेर लिहितो तेव्हा त्याला बुंध्याशी उकिडवं बसायला लावा. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायला फार खर्च येत नाही. संशय आला तर खोडाच्या आतलं दाखवणारी यंत्रं आहेत. ती प्रत्येक वॉर्डाला नको, शहराला एक-दोन पुरेत. आणि ही पाहणी पावसाळ्यातही करा. ताजं आळंबं उगवतं पावसात, आपली पथकं फिरतात एप्रिल-मेमध्ये.

खोडाभोवतीचं काँक्रीट काढायला सांगा. खोदाईच्या परवान्यातच मुळांची अट घाला, आणि मुळं तोडली तर ठेकेदाराची अनामत अडवा.

एक भीती मात्र आहे. हे पत्र वाचून कुणी ‘बुरशी दिसली की तोडा’ असं परिपत्रक काढलं, तर जागेवर डोळा असलेले लोक उद्याच प्रत्येक खोडावर बुरशी शोधतील. आळंबं म्हणजे फाशीची शिक्षा नव्हे. कुठलं झाड तोडायचं, कुठल्याचा फक्त भार हलका करायचा आणि कुठल्याखालचं पार्किंग हलवलं की भागतं, हे सांगणारा जाणकार माणूस लागतो. खातं झाडं लावायला माणसं घेतं, तोडायला ठेका देतं. तपासायला आमच्याकडे तरी अजून कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या गल्लीत अजून सात गुलमोहर आहेत. तिसऱ्याच्या बुंध्याला गेल्या आठवड्यात तसंच आळंबं आलंय. किनार अजून पांढरी आहे, म्हणजे ते वाढतंय. फोटो सोबत जोडला आहे. फोटोत डावीकडे जी निळी गाडी दिसते ती काकांची, नवी. सावली तिथेच चांगली पडते, असं ते म्हणतात.

आपला,
एक करदाता रहिवासी