ताप मोजायचा तर काखेत

महोदय,

मनगटावर बांधून अंगातला ताप दाखवणारी स्वस्त यंत्रे आता कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीपर्यंत घरपोच येऊ लागली आहेत. भातलावणीच्या दिवसांत अशा यंत्राचा खरोखर उपयोग होईल असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्यातली एक गंभीर उणीव मांडत आहे.

गेल्या आषाढात आठवडाभर लावणी करून आलेल्या माझ्या जाऊबाईंना एका संध्याकाळी हुडहुडी भरली. मनगटावरच्या पट्ट्यावर 35 अंश सेल्सिअस दिसत होते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहिले; रात्री काखेत साधा डिजिटल तापमापक लावला, तेव्हा आकडा 39च्या वर गेला. ताप चढत असताना त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात आणि आतली उष्णता मात्र वाढत जाते, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. म्हणजे ज्या घटकेला इशारा हवा, नेमक्या त्याच घटकेला मनगट फसवते. दोष संवेदकाचा, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या सेन्सरचा, नाही. उष्णता वाढली की ज्याचा विद्युतरोध कमी होतो तो थर्मिस्टर अगदी स्वस्त असतो आणि साध्या डिजिटल तापमापकातही बहुधा तोच असतो. पण काखेत त्याला वारापाऊस लागत नाही, मनगटावर लागतो.

लेप्टोस्पायरोसिसच्या धास्तीत पावसाळा काढणाऱ्या आम्हा कोकणवासीयांसाठी हा फरक लहान नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पायांच्या भेगांवाटे शिरतो आणि ताप बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो. तोवर कोपऱ्यातले, म्हणजे भातखाचरातले, काम आटोपलेले असते, मग ‘जरा कणकण आहे’ म्हणून माणूस गोळी घेऊन निजतो. वेळीच प्रतिजैविक मिळाले तर आजार आटोक्यात येतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेतते.

म्हणून काखेत चिकटवता येईल आणि रात्रभर नोंद ठेवील अशी पट्टी आरोग्य विभागाने जूनपूर्वी काही गावांत आशाताईंमार्फत, साध्या तापमापकाशी ताडून, तपासून पाहावी. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, रोग नव्हे. तेव्हा गोळीची वेळही त्या नोंदीत हवी. आणि विक्रेत्यांनी यंत्र कोठले तापमान मोजते व त्यात किती अंशांची चूक संभवते, हे वेष्टनावर ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग