सुन्या, राणीच्या बागेत माझा हात उठला

चरई, ठाणे
सोमवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुन्या,

तुझ्या गणपतीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही, दोनदा फोन उचलला नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोल, मान खाली घालून ऐकेन. आज मात्र तुलाच लिहायला हवं. मेधाशी बोलून झालं. तिला कळतं सगळं, पण १९९४च्या त्या डिसेंबरात ती नव्हती. तू होतास.

काल राणीच्या बागेत मी ओजसला मारलं. थोबाडीत, चारचौघांत.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू मध्येच फोन करशील. त्याला शाळेत ‘बंदर आणि शहर’ असा प्रकल्प दिलाय. मेधा म्हणाली, ठाण्यात जन्मलेल्या पोराला मुंबई म्हणजे मॉल आणि विमानतळ एवढंच ठाऊक आहे, दोन दिवस काढ आणि नीट दाखव. बाबाही निघाले. एकतीस वर्षं व्हीटीला उतरून फोर्टात नोकरी केलेला माणूस, पण निवृत्त झाल्यापासून दादरच्या पुढे गेला नव्हता. आदल्या रात्रीच इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर टाकला होता त्यांनी.

शनिवार इतका छान गेला की काय सांगू. ठाण्याच्या फलाटावरच मी सुरू झालो. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, चारशे माणसं, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, आणि बोरीबंदरहून निघालेली ती गाडी आली कुठे, तर आपल्या गावाला! ओजसनं सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, “बोरीबंदर, मग बंदर कुठाय?” बाबा एकदम खुलले. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बोटांवर सात बेटं मोजून दाखवली त्यांनी: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. टेकड्या फोडल्या, खाड्या बुजवल्या, आपण चालतो त्या कितीतरी रस्त्यांखाली पूर्वी भरतीचं पाणी यायचं, असं सांगत होते. दारातला एक भाजीवालाही ऐकत उभा राहिला आणि कुर्ल्याला उतरायचं विसरला.

गेटवेला मी सांगितलं की पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची ही आठवण, पायाचा दगड १९१३चा आणि कमान पुरी झाली १९२४ला. ओजस म्हणाला, “म्हणजे पाहुणे गेल्यावर दार बसवलं?” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच त्याला खांद्याला धरून समुद्राकडे वळवलं आणि सांगितलं की २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्या पलटणीची शेवटची तुकडी याच दारातून गेली. “येताना दार नव्हतं, जाताना होतं,” म्हणाले. सुन्या, बाबांना असं बोलताना आपण दोघांनी कधी ऐकलंय का रे? मी तरी नाही.

मग लाँचनं घारापुरी. लाइफ जॅकेट घालून तासभर. वाटेत जवाहर द्वीपाजवळ तेलाची जहाजं, पलीकडे जेएनपीटीच्या क्रेन. ओजसला सगळ्यात काय आवडलं असेल, तर समुद्राच्या तळातून टाकलेल्या केबलनं या बेटावर वीज पोचली ती २०१८ साली! आपण इकडे रोज वीज वापरतो आणि समोरचं बेट इतकी वर्षं अंधारात, हे त्याला पटेचना. पायऱ्यांवर मेधाचं कणीस माकडानं पळवलं. वर लेण्यात त्या अठरा-वीस फुटी त्रिमुखी सदाशिवासमोर मात्र सगळेच गप्प. हे जोडून बांधलेलं नाही, अख्खा डोंगर आत पोखरत नेलाय, म्हणजे छिन्नी एकदा चुकली की चुकली, हे मी सांगितलं तेव्हा ओजस खांबाला हात लावून बराच वेळ उभा होता.

आणि तिथेच मी ती हत्तीची गोष्ट सांगितली. बेटावर धक्क्याजवळ दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी नाव दिलं एलिफंटा. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. १८६४ साली उचलताना क्रेन दगा देऊन गेली, हत्ती पडला आणि फुटला. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि १९१४ला पुन्हा जोडून हत्ती उभा केला. “आता कुठाय?” “भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात.” झालं. रविवारचा आमचा नेहरू सायन्स सेंटरचा बेत होता, तो तिथल्या तिथे बदलला.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. गाडी उशिरा, गर्दी तुफान, बाबांना बसायला जागा नाही. संग्रहालय पाहिलं, हत्ती पाहिला, मग बागेत पेंग्विनच्या रांगेत लागलो. मी पाण्याची बाटली घ्यायला वळलो आणि परत बघतो तर ओजस नाही.

पंचवीस मिनिटं, सुन्या. मेधा एका बाजूला, मी दुसऱ्या. सुरक्षारक्षकाला वर्णन सांगताना त्याच्या शर्टाचा रंग मला आठवेना. सकाळी मीच बटणं लावली होती त्याची. बाबांना एका बाकावर बसवलं होतं, ते उठून भलतीकडेच चालायला लागले, म्हणजे दोघांना शोधायचं. शेवटी मेधाचा फोन आला. हत्तीपाशी होता. मी धावत गेलो. वही मांडीवर, मान वर करून म्हणाला, “बाबा, मी सांधे मोजतोय. सात झाले, मागची बाजू—” आणि माझा हात उठला.

पेन्सिल लांब जाऊन पडली. तो रडला नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे.

तुला आता काय आठवत असेल ते मला माहीत आहे. राजाबाई टॉवर. सहलीची बस निघून गेली कारण ठोके ऐकायला थांबायचं कुणाला तरी सुचलं. तू अजून म्हणतोस ते मला सुचलं. साफ खोटं! प्रेमचंद रायचंदनं आईचं नाव मनोऱ्याला दिलं, आईला घड्याळाच्या ठोक्यावरून सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून, ही गोष्ट तूच वाचून आला होतास आणि “एकदा वाजू दे रे” तूच म्हणालास. हुतात्मा चौकातून व्हीटीपर्यंत चालतानाही आपण त्यावरूनच भांडत होतो. आणि तुझी ती अक्कल, “पहिली गाडीसुद्धा इथून ठाण्यालाच गेली, आपणही जाऊ,” ती मात्र मी जन्मभर मान्य करेन.

ठाण्याला तिकीटखिडकीसमोर दोघांचेही वडील उभे. तुझ्या दादांनी तुला कवटाळलं. माझ्या बाबांनी काय केलं ते तू पाहिलंस. नंतर दादा मलाही मामलेदारची मिसळ खायला घेऊन गेले आणि मला एक घास गिळवेना, गाल आतून फाटला होता. त्या रात्री तलावपाळीच्या पायरीवर मी तुला काय म्हणालो होतो? माझ्या पोरावर मी कधी हात उचलणार नाही. तू म्हणाला होतास, “शपथ घे,” आणि मी घेतली. हे जगात तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. अकरा वर्षं पाळली रे ती मी.

पण एवढ्यानंच झोप उडाली असं नाही. पुढचं ऐक. मी मारलं तेव्हा बाबा पोचले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “अरे, लहान आहे तो.” सुन्या, त्या क्षणी मला ओजसचा राग राहिलाच नाही, सगळा बाबांचा आला. लहान आहे! मी किती मोठा होतो तेव्हा? बारा वर्षांचा! मी सगळ्यांदेखत म्हणालो, “तुम्ही तरी बोलू नका.” त्यांनी लगेच हात सोडला. त्यांना आठवलं. त्यांच्या तोंडावर मला दिसलं की त्यांना सगळं आठवलं. इतकी वर्षं मला वाटायचं ते विसरले असतील.

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर बाबा लवकर जेवून आत गेले. आज संध्याकाळी मी आलो तर दोघं आतल्या खोलीत पलंगावर बसून वहीत हत्ती काढत होते, सोंड बाबा आणि पाय ओजस. मी दारात उभा राहिलो तर दोघांनी बोलणं थांबवलं. ओजसला मी सॉरी म्हणालोय, तोही “हं” म्हणालाय. पण काल सकाळपर्यंत जो मुलगा मला शंभर प्रश्न विचारत होता, त्यानं आज एकही विचारला नाही. प्रकल्पाचं आजोबांना विचारतो. मला ती भीती वाटते. पंचवीस मिनिटांची होती तिच्याहून जास्त.

मी स्वतःला सांगून पाहिलं की घाबरलो होतो म्हणून मारलं. खरंच घाबरलो होतो. पण मग बाबाही तेव्हा घाबरलेच असणार, आणि मला ते तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. मला फक्त तिकिटांच्या रांगेतली माणसं बघतायत एवढंच कळलं होतं. ओजसलाही काल तेवढंच कळलं असेल.

तुझं कसं चाललंय? बदलीचं काही कळलं का, की नागपूरचा अजून एक उन्हाळा? वहिनींच्या क्लासला किती मुलं झाली? चिमूचा नाचाचा व्हिडिओ पाहिला, फार गोड, कळवायचं राहिलं. आमच्याकडे बाबांची शुगर ठीक, माझी पाठ तशीच.

नाताळच्या सुट्टीत ये. खरंच ये, हॉटेलबिटेल बघू नकोस, इथेच राहा. ओजसला राजाबाईची गोष्ट तू सांग, ठोक्यांपासून तिकीटखिडकीपर्यंत सगळी. मी सांगितली तर त्याला ती सबब वाटेल. हवं तर सांग की थांबायचं मला सुचलं, चालेल.

बाबांशी मात्र मलाच बोलायला हवं. उद्या सकाळी सहाला ते तलावपाळीला फेरी मारायला जातात, तेव्हा बरोबर निघणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. गजर लावलाय.

तुझा,
पद्या