‘उद्या उपाशी ये’ हे सांगणं थांबवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी 31 वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, सगळी सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. गरोदरपणात साखरेची जी तपासणी करतात, तिच्याबद्दल हे पत्र आहे. तपासणी चांगली आहे, सोपी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण तिच्या आदल्या दिवशी बाईला काय सांगायचं, याकडे आपल्या खात्यात फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. मीही बरीच वर्षं दिलं नाही.

2019 सालची गोष्ट. 9 तारीख होती. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान 2016 मध्ये सुरू झालं तेव्हापासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या भागातली एक पहिलटकरीण आली होती, सव्वीसावा आठवडा. आदल्या दिवशी वाडीवर जाऊन मीच तिला सांगून आले होते, “उद्या शुगरची तपासणी आहे, उपाशी ये.” तेवढंच. पोरगी रात्री आठला जेवलेली, सकाळी पहिल्या एसटीने सासूबरोबर निघालेली. केसपेपर, वजन, बीपी, रांग असं करत तिच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा पेला आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. साडेचौदा तास पोटात अन्न नाही. नाक दाबून तिने पेला रिकामा केला आणि दहा मिनिटांत बाहेरच्या नळाशी जाऊन सगळं ओकली. सासू तिची पाठ चोळत मला विचारत होती, “बाई, दोन जिवांच्या पोरीला उपाशी कशापायी ठेवलंत?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण या तपासणीला उपाशी राहावं लागतच नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. बाई जेवून आली की न जेवता, याने फरक पडत नाही. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला तो याच कारणासाठी. आपल्याकडे बाई लांबून येते, तिला उपाशी ठेवणं अवघड, आणि एकदा परत पाठवली की ती पुन्हा येईलच याचा भरवसा नाही. त्यांचा जन्मदिवस 10 मार्च, तो देशभर या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. आमच्याकडेही त्या दिवशी फलक लागायचे. फलकाखाली बसलेल्या बाया उपाशीच असायच्या.

मग मी उपाशी का सांगितलं? सवयीने. साखर म्हटलं की उपाशीपोटी, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय पुण्या-मुंबईच्या खासगी लॅबमध्ये पुष्कळदा दुसरी पद्धत असते. तिथे खरोखरच किमान आठ तास उपाशी राहून जायचं असतं, रक्त तीनदा घेतात आणि आकडेही निराळे: उपाशी 92, तासाने 180, दोन तासांनी 153, यातला एक जरी गाठला तरी मधुमेह धरतात. नवरा मुंबईला कामाला, तिथे नाव घातलेलं, आणि बाळंतपणाला गावी आलेली बाई दोन्हींकडचं ऐकते आणि गोंधळते. कुठल्या पद्धतीने तपासणार आहेत, हे तिला कुणी सांगत नाही.

त्या दिवशी आणखी एक चूक झाली. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, असा नियम आहे. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर तपासणी तशीच पुढे चालवायची. आम्ही तिला सांगितलं, “पुढच्या 9 तारखेला ये.” म्हणजे तिसावा आठवडा. ती आली, बिचारी शहाण्यासारखी आली. साखर 178 निघाली. नियमाप्रमाणे आधी दोन आठवडे आहार सांभाळून बघायचा, जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली येत नसेल तर औषध किंवा इन्सुलिन. तिच्या बाबतीत बत्तिसावा आठवडा उजाडला तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. मुलगी झाली, 4 किलो 100 ग्रॅमची. घरचे म्हणाले, काय गुटगुटीत आहे! तासाभरात बाळाचे हात थरथरायला लागले. आईच्या रक्तातल्या जादा साखरेला सरावलेलं बाळ, नाळ कापली की ती साखर बंद होते, पण त्याच्या अंगातलं साखर उतरवणारं इन्सुलिन चालूच राहतं आणि साखर एकदम खाली येते. ॲम्ब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. चौथ्या दिवशी घरी आली. आज ती पोर शाळेत जाते, वाटेत भेटली की मला हात करते. पण ते चार दिवस मी विसरलेले नाही.

त्यानंतर नोकरी होती तोवर प्रत्येक गरोदर बाईच्या घरी मी आदल्या दिवशी जात होते आणि नीट बसून बोलत होते. म्हणायचे, रोज जेवतेस तशी जेव, सकाळी भाकरी-भाजी खाऊन ये. आठवडाभर गोड बंद करून शुगर कमी आणायला बघू नकोस, ही परीक्षा नाही, खरं काय आहे ते आपल्याला कळायला हवं. पाणी खूप गोड लागेल, चहाच्या चमच्याने मोजलं तर पंधरा चमचे ग्लुकोज असतं त्यात. सावकाश घोट घोट पी, पण दहा मिनिटांत संपव. मळमळेल, तर लगेच सांग. प्यायलीस की दोन तास बसून राहायचं, काही खायचं नाही, तहान लागली तर साधं पाणी. त्या वेळात बाजारात जायचं नाही. सोबत कुणी तरी आण, गरोदरपणाचं कार्ड आण, चालू गोळ्या असतील त्या आण, आणि रक्त दिल्यावर लगेच खायला डबा आण. आणि हो, या पाण्याने कुणाला शुगर लागत नाही. हे शेवटचं वाक्य सासूला ऐकू जाईल असं बोलायचे, कारण ती भीती तिलाच जास्त असते.

एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात. माझ्या भागात उलटी होऊन परत गेलेली बाई त्यानंतर क्वचितच दिसली.

साहेब, आपल्याकडची एक रीत या तपासणीच्या नेमकी आड येते. पहिली तपासणी गरोदर म्हणून दवाखान्यात नाव घालतानाच होते. ती बरोबर आली तर दुसरी 24 ते 28 आठवड्यांत, कारण तोवर वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातून, निघणाऱ्या संप्रेरकांनी इन्सुलिनचा जोर कमी पडायला लागलेला असतो. म्हणजे सहावा संपून सातवा लागण्याचा काळ. तेव्हाच ओटी भरली जाते, डोहाळजेवण होतं आणि लेक माहेरी निघते. सासरची आशाताई म्हणते, माहेरी होईल. माहेरची म्हणते, सासरी झालीच असेल. ऊस तोडायला गेलेल्या बायकांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि परततात तेव्हा पोट आठव्या-नवव्या महिन्याचं असतं. कार्डावर पहिल्या तपासणीचा आकडा असतो, दुसऱ्याची जागा कोरी. ती कोरी जागा मी शेकडो कार्डांवर पाहिली आहे.

म्हणून माझ्या मागण्या. तपासणीच्या आदल्या दिवशी बाईशी बोलणं हा तपासणीचाच भाग आहे, असं लेखी परिपत्रक काढा आणि मी वर लिहिलं तसं साध्या मराठीत, तोंडी बोलता येईल असं, प्रत्येक आशाताईच्या हातात द्या. 75 ग्रॅमची मोजलेली पुडी प्रत्येक उपकेंद्रावर असू द्या. डब्यातून अंदाजाने चमचे घातले की आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. उलटी झालेल्या बाईला पुढच्या 9 तारखेची वाट बघायला लावू नका, दुसऱ्या दिवशी तिच्या जवळच्या उपकेंद्रावर तपासणी होऊ द्या, आणि त्यासाठी साखर मोजायच्या पट्ट्या संपणार नाहीत हे बघा. दोन तास बसायला बाकडं, पंखा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ संडास द्या. सातव्या महिन्याच्या बाईला दोन तास जिन्याच्या पायरीवर बसवणं बरं नाही. आणि सासर-माहेर, गाव-कारखाना असं कुठेही गेली तरी तिची दुसरी तपासणी कुणाच्या जबाबदारीवर आहे, हे कार्डावर नावानिशी लिहिलेलं असू द्या.

आणखी एक. जिला गरोदरपणात साखर निघाली, तिची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा खूप जास्त असतो. त्या वेळी ती बाळाच्या लसीसाठी दवाखान्यात येतेच. त्याच दिवशी तिलाही बसवून घ्या. आम्ही बाळाला डोस देत होतो आणि आईला तशीच घरी पाठवत होतो.

मी अजून इथेच राहते. हे सांगणं नव्या पोरींना शिकवायचं असेल तर बोलवा, मानधन नको. एसटी सहाची आहे, नऊला पोचते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
सातारा जिल्हा