गिअरबॉक्स न उतरवता आवाज शोधून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. देवगडकडच्या ज्या कलमवाल्यांकडे जुने छोटे ट्रॅक्टर आहेत, त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

दिवाळी झाली होती. बागेतलं गवत काढून मोहोराआधीची फवारणी धरायची होती, आणि आमचा फवारणीचा पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवरच, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावरच, चालतो. नेमका तेव्हाच क्लचकडचा खडखडाट वाढला, पहिला गिअर करकरत पडू लागला. आधी जिथे दाखवलं तिथे उभ्याउभ्याच निकाल मिळाला: क्लच प्लेट आणि बेअरिंग दोन्ही गेलं, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील. ऐन हंगामात ट्रॅक्टर उघडून पडला असता.

तुम्ही आलात आणि पाना हातात न घेता म्हणालात, "आदी इंजिन बंद कर. मगे पेडल दाब आनि आयक."

इंजिन बंद, तरी पेडलबरोबर 'कर्र, टक्' आलंच. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग तर इंजिन चालू असल्याशिवाय फिरतच नाही, मग हा आवाज बाहेरच्या जोडणीचा. मग इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये नुसता पाय टेकवायला लावलात आणि खडखड थांबली. पेडल पूर्ण दाबल्यावरही बेअरिंगची घरघर नव्हती. गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग वाजत असतं तर पेडल सोडल्यावर सूं-सूं आलं असतं आणि दाबल्यावर गेलं असतं; तेही नव्हतं.

पण मला खरं पटलं ते तुमच्या पुढच्या बोलण्याने. क्लच प्लेट झिजली की पेडलची मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं सैल जातं ती, कमी होत जाते. आमची तर वाढली होती! म्हणजे झीज प्लेटची नव्हेच, पेडलपासून फोर्कपर्यंतच्या, म्हणजे बेअरिंग ढकलणाऱ्या काट्यापर्यंतच्या, दांड्यांची. तिथे चाल वाया गेली की क्लच पुरता सुटत नाही, म्हणून गिअर करकरतो. इतकी सरळ गोष्ट, पण तोवर कुणी मोकळी चाल मोजलीच नव्हती.

तुम्ही स्प्लिट पिन काढलीत आणि दांडीची पिन माझ्या तळहातावर ठेवलीत. एका बाजूने नखाला लागेल अशी खाच पडलेली, आणि दांडीचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. फोर्क ज्यावर फिरतो त्या क्रॉस शाफ्टच्या निपलात, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडात, ग्रीस सुकून लाल मातीसारखं घट्ट बसलेलं. चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची खारी हवा, त्यात ग्रीसगन मारली तरी आत काही जातच नव्हतं.

भोक वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल केलंत, लेथवरून नवी पिन आणि गनमेटलचा बुश करून आणलात, नवी स्प्लिट पिन घातलीत. मग पट्टी लावून मोकळी चाल 25 मिलिमीटर ठेवलीत आणि लॉकनट आवळलात. चाल फार कमी ठेवली तर बेअरिंग कायम घासत राहतं आणि क्लच घसरतो, हेही तेव्हाच समजावलंत. फवारणी वेळेवर झाली, काका. बागायतदाराला याहून मोठं काय सांगू!

इंजिन उघडायला लावलं असतं तर तुमची मजुरीही जास्त झाली असती. तुम्ही ती वाट धरली नाहीत आणि शिकवल्याचे पैसेही घेतले नाहीत. तुमच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, तो इथे सगळ्यांसमोर सांगतो.

क्रॉस शाफ्टच्या डाव्या बुशात अजून थोडा खेळ आहे असं तुम्ही म्हणाला होतात. आंबा उतरला की, पाऊस लागायच्या आत तो बदलून घेऊ. तेव्हा जेवायलाच या, काकूंनाही घेऊन या.

आपला,
एक कलमवाला