संभाषणाचे लिप्यंकन विद्यार्थ्यांनीच करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात मी संभाषण-विश्लेषण, म्हणजे लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्याचा बारकाईने अभ्यास, शिकवते. ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून देणारी संगणकीय साधने आता सहज मिळतात, त्यामुळे लिप्यंकनात, म्हणजे मुद्रित बोलणे ऐकून जसेच्या तसे उतरवण्यात, जाणारे आठवडे वाचवून विद्यार्थ्यांना थेट विश्लेषणाकडे वळवावे, अशी सूचना अभ्यासक्रमाच्या चर्चेत वारंवार पुढे येते. ही सूचना विषयाच्या मुळावर येणारी आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने दोन मैत्रिणींचा फोन, त्यांच्या संमतीने, मुद्रित केला होता. यंत्राने लिहून दिले : ‘उद्या येशील ना?’ ‘हो, बघते.’ ‘नाही जमलं तरी चालेल.’ एवढ्यावरून तिने निष्कर्ष काढला, की होकार मिळाल्यावर पहिलीने विनाकारण माघार घेतली. मग तेच काही सेकंद तिने कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले. प्रश्नानंतर 0.8 सेकंद शांतता होती, मग आत ओढलेला श्वास, मग लांबवलेला ‘हो’. आणि ‘बघते’ पुरते उच्चारले जाण्याआधीच पहिलीचे वाक्य त्यावर चढले होते. नकार शब्दांत आलाच नव्हता, पण पहिलीने तो त्या शांततेत ऐकला होता.

ही शांतता किती मोठी, हेही समजून घ्यायला हवे. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांची तुलना करणाऱ्या 2009 मधील अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतील सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले होते. त्या तुलनेत 0.8 सेकंद म्हणजे चौपट. असे काही हाती लागावे म्हणूनच या विषयाच्या एक प्रवर्तक गेल जेफरसन यांनी विराम, श्वास आणि एकमेकांवर चढणारे बोलणे नोंदवणारी चिन्हपद्धती घडवली. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संशोधकांचा बोलण्याच्या पाळीवरील, म्हणजे कोणी केव्हा बोलायचे यावरील, 1974 चा लेख आमच्या वर्गात सगळेच वाचतात. पण तो ज्या ऐकण्यातून उभा राहिला, ते ऐकणे विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणार नसेल, तर त्या लेखातील नियम पाठ करण्यापलीकडे त्यांच्या हाती काय उरेल? हार्वी सॅक्स यांचे सुरुवातीचे काम लॉस एंजेलिसमधील आत्महत्या-प्रतिबंध केंद्राला आलेल्या फोनवर आधारलेले होते. तिथे फोन करणारा नाव सांगायचे कसे टाळतो, हे त्यांना बोलण्याच्या क्रमातच सापडले.

एका मिनिटाच्या बारकाईच्या लिप्यंकनाला तासभर सहज लागतो, हे मला मान्य आहे, आणि विद्यार्थ्यांची दमछाकही मी दरवर्षी पाहते. मात्र याच तासाभरात त्यांचा कान तयार होतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने निदान दहा मिनिटांचे संभाषण स्वतः उतरवावे आणि त्या कामाला प्रबंधाच्या गुणांत न मिसळता स्वतंत्र गुण द्यावेत, अशी माझी अभ्यास मंडळांना विनंती आहे. त्यानंतर उरलेल्या सामग्रीसाठी यंत्राचा मसुदा घेतला आणि तो ऐकून दुरुस्त केला, तर माझी हरकत नाही.

आपली,
भाषाविज्ञानाची एक अध्यापिका