तात्या, बांधावरून फोन केल्याबद्दल

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेव आता, बिल वाढंल" म्हणता. बोलणं फुकट होऊन किती वर्षं झाली, तरी तुमचं बिल काही संपत नाही. पत्र तुम्हाला मधेच ठेवता येणार नाही.

बाबा गेले 2020 च्या डिसेंबरात. भाऊ परदेशात, मी बंगळूरला, आईला मी इकडे घेऊन आले. गावाकडे मागे राहिलं ते साडेचार एकर कोरडवाहू, विहिरीतला निम्मा वाटा आणि गावठाणातलं कुलूपबंद घर. मला तेव्हा सातबारा म्हणजे एकच काहीतरी कागद असतो एवढंच ठाऊक होतं. गाव नमुना सात वेगळा, बारा वेगळा, वरचा मालकी सांगतो आणि खालचा पीक, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. आठ-अ वर एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते, हेही. कोतवालकीतून निवृत्त झालेल्या माणसाला नमुन्यांचे आकडे पाठ असतात. पण ते दुसऱ्याला समजेपर्यंत सांगायची चिकाटी तुमची स्वतःची.

वारस नोंदीचे दिवस मला जसेच्या तसे आठवतात. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं तीन महिन्यांच्या आत द्यायला लावलंत. भावकीतल्या एकांनी मध्येच सुचवलं, "लेकीचं नाव कशाला चढवता, आत्ताच हक्कसोड करून घ्या, पुढची कटकट नको." ते वाईट बुद्धीने बोलले असं मी म्हणत नाही, आमच्याकडे असंच चालत आलंय. मीही सही करून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "आधी नाव लागू दे. सोडायचं का धरायचं, ते पोरगी मागनं ठरवंल." हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेला कायदा चावडीत उभा राहून बोलायला कुणीतरी लागतं.

मग फेरफाराची, म्हणजे मालकीतल्या बदलाच्या नोंदीची, नोटीस निघाली आणि त्यात आईच्या नावापुढे 'मुलगी' आणि माझ्या नावापुढे 'पत्नी'! आम्ही दोघी इकडे हसत बसलो. तुम्हाला मात्र हसू आलं नाही. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. तुम्ही तिसऱ्या दिवशी अर्ज देऊन आलात आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करायच्या आत ती दुरुस्त झाली. एकदा प्रमाणित झाल्यावर तीच चूक काढायला किती हेलपाटे पडतात, ते मला पुढे दुसऱ्या एकाच्या उताऱ्यावरून कळलं. "पंधरा दिस वाट बघायला नसत्यात, वाचायला असत्यात," हे तुमचं वाक्य मी ऑफिसातसुद्धा वापरते.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजाही तुम्हीच काढवलात. कर्ज बाबांनी केव्हाच फेडलं होतं, उताऱ्यावर ते तसंच बसून होतं. त्याची गोष्ट लांब आहे आणि कंटाळवाणी आहे, सोडून देते.

आता मुखत्यारपत्राचं, म्हणजे माझ्या वतीने सही करायचा अधिकार देणाऱ्या कागदाचं. मी वकिलांकडून मसुदा करून, तुमचं नाव घालून पाठवला होता. मला वाटलं, तुम्हाला सोपं जाईल. आठ दिवसांनी तो तसाच परत आला. मी खरं तर दुखावले होते. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "कागदावर माझं नाव आलं की उद्या बांधावर बोलायला गेलो तर लोक म्हणतील, ह्याचाच डोळा हाय जिमिनीवर. मग माझं कोण ऐकतंय?" ज्याच्या हातात सहीचा अधिकार नाही, त्याच्याच शब्दाला गावात वजन राहतं, हे शहरात राहून मला कधी सुचलं नसतं. सही मीच करायची, त्यासाठी मीच यायचं, आणि तुम्ही बघायचं, असं ठरलं. या पाच-सहा वर्षांत मी जितक्या वेळा गावी आले, तितकी आधीच्या वीस वर्षांत आले नव्हते.

आणि बघणं म्हणजे काय, ते बांधानं शिकवलं. शेजारी दर नांगरटीला बांध वीतभर कोरत होता. उताऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं, रान मात्र कमी होत जातं. आणि मी 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा काढून निर्धास्त. तुम्ही चालत जाऊन पावलं मोजलीत आणि बांधावरूनच फोन लावलात. "बारा वर्षं कुणी ब्र काढला नाही तर मग कोर्टातबी अवघड जातं, तू अर्ज टाक." हद्द कायम मोजणीचा अर्ज मी टाकला, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, 2023 च्या उन्हाळ्यात मोजणी झाली. रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) घेऊन आलेला भूकरमापक खुणा दाखवत होता आणि तुम्ही चुन्याची घमेली घेऊन त्याच्या मागे. व्हिडिओ कॉलवर मला बराच वेळ नुसती तुमची टोपी दिसत होती. आमचे तीन गुंठे त्याच्याकडे निघाले. भांडण झालं नाही, कारण तुम्ही शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की उभी ज्वारी काढून घे, मग दगड रोवू. त्याची ज्वारी वाचली म्हणून आमचा बांध वाचला, असं मी समजते.

ई-पीक पाहणीचं तर काय सांगू! रानातल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची, ती 2021 च्या खरिपात पहिल्यांदा आली. फोटो प्रत्यक्ष रानात उभं राहूनच काढायचा, त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात, म्हणजे बंगळूरहून काही होणे नाही. तुम्ही नातवाचा फोन घेऊन चिखलातून गेलात. तुरीच्या त्या पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आहे. नोंद झाली. तो फोटो मी पुसलेला नाही. कुणी कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने बाबा जन्मभर बारा नंबर तपासत राहिले, त्यांनी तो अंगठा बघायला हवा होता.

आणि तुमची वही. निम्म्या वाट्याने दिलेल्या रानाचा हिशेब, बी, खत, मळणी, हमाली, पोत्यांची संख्या, दर हंगामाला पानाचा फोटो येतो. वाटेकऱ्याची सही, खाली तुमची. तुमचा एसटीचा खर्च मी मागून मागून दोनदा मिळवला. गेल्या वर्षीच्या पानावर एक ओळ होती: "तहसीलला चहा 20 रु., माझा, धरू नये."

वैशाखात येते आहे. मिळकत पत्रिकेसाठी, म्हणजे घराच्या मालकीच्या उताऱ्यासाठी, गावठाणातल्या घराचे कागद बरोबर आणते, तुम्ही म्हणाला होतात तसे, मूळ आणि दोन झेरॉक्स. सकाळच्या एसटीने सोबतच तहसीलला जाऊ. आणि चहा मी पाजणार आहे, तो वहीत धरा.

तुमची,
बाबांची थोरली